अकरा कुलपं आणि ईयाची खुर्ची

टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडच्या घराला अकरा कुलपं होती. बाबा तेरा म्हणत, कारण ते गॅरेजच्या दोन खिट्या धरत. माझ्या मते खिटी म्हणजे कुलूप नव्हे, म्हणून मी अकराच म्हणते. पुढच्या दाराला तीन, मागच्या सरकत्या काचेच्या दाराला दोन आणि आत आडवा टाकलेला एक लाकडी दांडा (हा दांडा मी मोजला आहे, कारण तो नीट बसला की दार खरोखरच हलत नसे), गॅरेजमधून स्वयंपाकघरात येणाऱ्या दाराला दोन, अंगणाच्या फाटकाला एक, आणि खालच्या दोन खिडक्यांना एकेक. ही यादी बाबांनी आपल्या इंजिनिअरी अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवली होती. रोज संध्याकाळी दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावून झालं की मी ती यादी घेऊन घरभर फिरायची आणि प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. दर रविवारी जुन्या खुणा खोडून टाकायच्या. त्या कागदाला पेन्सिलीचा करडा रंग चढला होता, तो मला अजून दिसतो.

ही कुलपं आली चोरी झाल्यावर. भर दुपारी झाली. आई मला शाळेतून घेऊन येताना वाटेत दूध घ्यायला थांबली होती, तेवढ्या वेळात. व्हीसीआर गेला, कॅमेरा गेला, आईच्या चार बांगड्या गेल्या. पण आईला लागलं ते वेगळंच. चोरांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे जमिनीवर उपडे केले होते. आपली माणसं सोनं डाळीतांदळात ठेवतात हे त्यांना कुठूनतरी ठाऊक होतं. तांदूळ, तूरडाळ, मूग, पोहे, सगळ्यांचा एकच ढीग, आणि त्यावर बुटाचा एक ठसा. पोलीस येऊन गेल्यावर आई त्या ढिगापाशी बसून डाळ निवडायला लागली. बाबा म्हणाले, "अगं, टाकून दे ते." ती म्हणाली, "सांगलीहून आणलेली डाळ आहे." दोन दिवस ती निवडत होती, आणि मग एकदम सगळं उचलून तिने कचऱ्यात टाकलं. त्या दिवसापासून ती एकटी घराबाहेर पडेना आणि घरात एकटी असली की बसेना. दुपारभर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायची.

त्यातच तेलाचे भाव पडले आणि बाबांचं ह्यूस्टनचं ऑफिस बंद झालं. त्यांना बोमाँटच्या रिफायनरीत काम मिळालं. सोमवारी पहाटे जायचे, शुक्रवारी संध्याकाळी यायचे. घरात उरलो आई आणि मी. मी तेव्हा बारा वर्षांची होते. आईने त्या हिवाळ्यात बाबांना सांगून टाकलं होतं की शाळा संपली की ती मला घेऊन सांगलीला जाणार, आणि परत येण्याचं नंतर बघू. "नंतर बघू" म्हणजे काय हे मला कळत होतं. बाबांनाही कळत होतं, म्हणूनच ते तिकिटांचा विषय दर शुक्रवारी पुढच्या शुक्रवारवर ढकलत होते.

आमची गल्ली पुढे बंद होती. टोकाला रस्ता गोल होऊन संपायचा आणि त्या गोलाभोवती पाच घरं होती. वारा फिरला की गावातल्या जुन्या साखर कारखान्याचा काकवीसारखा वास यायचा. बाबा म्हणायचे, "सात समुद्र ओलांडून शेवटी कारखान्याच्या शेजारीच आलो." आमच्या बरोबर समोर, आमच्या उंबऱ्यापासून बेचाळीस पावलांवर, नायजेरियातलं एक योरुबा कुटुंब राहायचं. वडील औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, आई नर्स. मुलगी येमी माझ्याच वर्गात. आणि येमीची आजी. तिला सगळे ईया म्हणत. त्यांच्या भाषेत ईया म्हणजे आई, आणि वयाने मोठ्या बाईला सगळेच तसं म्हणतात.

ईया दिवसभर गॅरेजमध्ये बसायची. गॅरेजचं मोठं दार सकाळी वर जायचं ते अंधार पडेपर्यंत वरच. आत गाडी नसायची, मधोमध एक हिरवी प्लॅस्टिकची खुर्ची असायची आणि तीत ईया. डोक्याला निळं कापड गुंडाळलेलं, मांडीवर काहीतरी निवडायला घेतलेलं. बाबा पहिल्यांदा बघून म्हणाले होते, "कमाल आहे. गल्लीत चोरी झालीये आणि ही माणसं दार सताड उघडं टाकून बसलीत." आई म्हणाली होती, "अहो, टाकून बसलीत म्हणजे? ती बसलीये ना तिथे."

त्या गॅरेजात शिरायची एक रीत होती. सरळ आत जायचं नाही. सावली जिथे सुरू होते तिथे थांबून मोठ्याने "आगो!" म्हणायचं. आतून "आगो या" आलं की मगच पाऊल टाकायचं. मी पहिल्यांदा तशीच आत गेले, तर ईयाने काठी आडवी धरली आणि मला परत बाहेर पाठवलं. ती मला रोज बघायची, माझं नाव तिला ठाऊक होतं, तरी. येमीने समजावलं, "तिला तू दिसतेयस गं. पण आवाज दिल्याशिवाय आत येतो तो एक तर घरचा, नाही तर चोर. तू घरची नाहीस." मग हळूच म्हणाली, "मलाही करावं लागतं. मी कंटाळते."

ईयाचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण येमीच्या मदतीने ती तिच्या गावातल्या घराचं सांगायची. घर म्हणजे मधल्या अंगणाभोवती बसवलेल्या कितीतरी खोल्या, आणि बाहेर जायला दार एकच. दाराशेजारची खोली घरातल्या सर्वांत वडील माणसाची. आलागेला त्याच्या नजरेखालून जाणार. संध्याकाळी अंगण झाडून वाळूवर खराट्याच्या रेघा ओढायच्या आणि मग त्यावर कोणी चालायचं नाही. सकाळी सर्वांत आधी वाळू वाचायची. घरामागच्या बोळात रिकामे शंख आणि गोगलगायींची कवचं पसरलेली, पाय पडला की कुर्रकन वाजणारी. शुगर लँडला शंख कुठून मिळणार, म्हणून ईयाने घराच्या बाजूच्या बोळात पेकान नावाच्या अक्रोडासारख्या फळाची टरफलं पसरली होती. हिवाळाभर ती पेकान फोडत बसायची ते खाण्यासाठी की टरफलांसाठी, हे मला कधी कळलं नाही. मी एकदा विचारलं, "कुलूप नव्हतं का?" तिने येमीला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. येमी म्हणाली, "ती म्हणते, कुलपाला कोण आलं ते ओळखता येतं का?"

मी हे घरी सांगितलं तेव्हा आई नेमकी ईयाने पाठवलेले वडे खात होती. आकरा म्हणतात त्यांना. आई म्हणाली, "चवळीचेच आहेत. फक्त कढीपत्ता नाही." ज्या निळ्या वाडग्यातून ते आले होते तो वाडगा आमच्याकडेच राहिला होता, कारण रिकामं भांडं परत द्यायचं नसतं आणि आईला काय भरून द्यावं ते सुचत नव्हतं.

मार्चच्या सुट्टीत आम्ही चार दिवस बाबांकडे बोमाँटला गेलो. परत आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाबा बॅगा काढत होते, मी आणि माझ्यामागून किल्ल्यांचा जुडगा घेतलेली आई दाराशी गेलो, तर ती पायरीवरच थांबली. पुढच्या दाराच्या मुठीला एक जुडी लटकत होती. खराट्याच्या हिरांची एक मूठ, एक जुनी झिजलेली चप्पल, दाणे काढून घेतलेलं मक्याचं कणीस, आणि हे सगळं लाल चिंधीने घट्ट बांधलेलं.

"हात लावू नकोस," आई मला म्हणाली. मी लावणारही नव्हते. मग अगदी हळू आवाजात, बाबांकडे न बघता, ती म्हणाली, "करणी केलीये कोणीतरी."

"काहीतरी काय?" बाबा म्हणाले. "तू सायन्स ग्रॅज्युएट आहेस."

"मग काढा तुम्ही हाताने."

बाबांनी गॅरेजमधून आत जाऊन सांडशी आणली. सांडशीत ती जुडी धरून, हात लांब ठेवून, ते कचऱ्याच्या पिंपापर्यंत गेले. मग सांडशीही त्यांनी पिंपातच टाकली. त्या संध्याकाळी आईने आम्हा दोघांची मीठ-मोहरीने दृष्ट काढली आणि बाबाही उभे राहिले. आमच्या ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. आईने त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, समोर कोण राहतं ते बघ ना. त्यांच्यात असलंच असतं." आईने फोन ठेवला आणि निळा वाडगा स्वयंपाकघरातून उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवला. बाबांना म्हणाली, "तिकिटं काढा. आता पुढचा शुक्रवार नाही." बाबांनी काढली. जूनची दोन तिकिटं, फक्त जायची.

आता माझा भाग. हा मी टाळू शकले असते, पण मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी शाळेच्या बसमध्ये मी दोन मुलींना सांगितलं की येमीची आजी चेटकीण आहे आणि तिने आमच्या दाराला खराटा बांधला. दोघींनाच सांगितलं. शाळा येईपर्यंत ते मागच्या बाकापर्यंत पोचलं होतं, आणि परतीच्या वाटेवर येमी चढली तेव्हा तीनचार मुलं हाताने झाडल्यासारखं करत होती. येमीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिची आई तिला गाडीने सोडायला लागली आणि समोरचं गॅरेज बंद झालं.

ते दार बंद बघायची सवय नव्हती. पहिले दोन दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी. "आजी आजारी आहेत का?" मी म्हटलं, मला काय माहीत. पाचव्या दिवशी आईने दुपारीच सगळी कुलपं तपासली आणि संध्याकाळी मला परत तपासायला लावली. आठव्या दिवशी जेवताना ती ताटात बोटाने रेघा ओढत म्हणाली, "मी दुपारी खिडकीतून बघायचे ना नीलू, ते मला वाटायचं उगाचच बघते."

दहाव्या दिवशी येमी पुन्हा बसने आली. आमच्या थांब्यावर माझ्यामागून उतरली आणि म्हणाली, "एकच विचारायचंय. तू आमचं काही चोरलंयस?"

"नाही."

"तुझ्या आईने?"

"नाही! वेडी आहेस का?"

"मग घाबरलात कशाला? ते चोरासाठी असतं." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "आमच्या गावी शेतात रताळी काढून ठेवली, लाकडं तोडून ठेवली, आणि तिथे थांबता येत नसेल, तर त्यावर ते बांधतात. आलॅ म्हणतात. हात लावलास तर झाडून निघशील, कणसासारखा सोलून निघशील, असं चोराला सांगायचं. तुमच्या दारात पेपर पडत होते. पांढरा पिकअप दोनदा हळू जाऊन आला, ईयाने पाहिला. रोज ती रस्ता ओलांडून तुमचे पेपर उचलून आणायची. तिचे पाय कसे आहेत माहितीये ना? आणि ती चप्पल तिची होती."

पेपर. आम्ही परत आलो तेव्हा ड्राइव्हवेवर एकही पेपर नव्हता. चार दिवस गेलो होतो, चार पेपर असायला हवे होते. मी पावलं मोजत होते, कुलपं मोजत होते, बसमधली डोकी मोजत होते, आणि हे मोजलं नव्हतं. आज विमा कंपनीत दुसऱ्यांचे आकडे तपासणं हेच माझं काम आहे, आणि नव्याने आलेल्यांना मी नेहमी सांगते की जे समोर आहे ते कोणीही तपासतं. जे असायला हवं होतं आणि नाही, ते आधी शोधा. हे मी कुठे शिकले ते मात्र त्यांना सांगत नाही.

घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. बसमधलंही. आईने गॅस बंद केला. मला वाटलं मारेल. ती म्हणाली, "चप्पल त्यांची स्वतःची?" मी मान हलवली. ती ओट्याला टेकली. "सांगलीत आमच्या शेजारी घर बांधत होते, तेव्हा वर काळी बाहुली आणि चप्पल टांगली होती. ट्रकच्या मागे असते. लहानपणापासून बघत आले. तेव्हा मला कोणी घाबरवलं नाही." मग म्हणाली, "चूक माझी आहे. पण बसमधली तुझी. ती मी वाटून घेणार नाही."

अंगणातून तिने निळा वाडगा आणला, दोनदा घासला, आणि डब्यातले होते नव्हते ते शेंगदाण्याचे लाडू त्यात भरले. नऊ भरले. पुढच्या दाराची तीन कुलपं उघडली आणि दार तसंच उघडं टाकून निघाली. मी म्हटलं, "आई, दार!" तिने मागे पाहिलं नाही. चोरी झाल्यापासून ती पहिल्यांदाच पुढे चालत होती आणि मी मागे.

बेचाळीस पावलं. बंद गॅरेजपुढे ती थांबली. बेल पुढच्या दाराला होती, तिकडे ती गेली नाही. मला म्हणाली, "काय म्हणतात ते?" मी सांगितलं. आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि त्या पत्र्याच्या दाराकडे तोंड करून, सांगलीच्या घरी अंगणातून हाक मारायची तशी, मोठ्याने हाक दिली, "आगो!"

काही नाही. मी मनात मोजायला लागले. एअर कंडिशनर घरघरत होता. सतरापर्यंत आले तेव्हा आतून, दाराच्या अगदी पलीकडून, आवाज आला. "आगो या."

दार खडखडत वर गेलं. ईया आतच होती. त्या हिरव्या खुर्चीत, गॅरेजच्या मधोमध, निळं कापड डोक्याला, मान घामाने भिजलेली. सुनेने लोक बोलतात म्हणून दार लावून घ्यायला सांगितलं होतं. दार लावून घेतलं होतं. खुर्ची हलवली नव्हती. शेजारच्या फळीवर आमचे चार पेपर तारखेप्रमाणे एकावर एक, सुतळीने बांधलेले.

आईने वाडगा पुढे केला. ईयाने एक लाडू घेतला, वास घेतला, चावला, आणि येमीला काहीतरी सांगितलं. येमी माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "ती म्हणते, परवा मंगळवारी दुपारभर तुमचं अंगणाचं फाटक आपटत होतं. ते कुलूप नीट बसत नाही."

ते खरं होतं. यादीतलं नऊ नंबरचं कुलूप. मंगळवारीही मी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली होती.

आई त्या दिवशी तासभर तिथे सिमेंटच्या जमिनीवर बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दुभाषी म्हणून बसवलेल्या आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्यावर मी पुढे उभी राहून मोठ्याने सांगितलं की मी खोटं बोलले होते. दोनतीन मुलांनी ऐकलं. बाकीच्यांना त्यात रस नव्हता. पहिली गोष्ट जेवढी पसरली होती तेवढी ही पसरली नाही. येमी माझ्याशेजारी बसायला लागली ती पुढच्या वर्षी, सातवीचे दोन महिने झाल्यावर, आणि का ते तिने सांगितलं नाही.

शुक्रवारी बाबा आले. जेवताना आई म्हणाली, "अहो, त्या तिकिटांचं."

बाबांनी घास खाली ठेवला. "हं."

"रिटर्न करून घ्या."

"रिटर्न म्हणजे? कॅन्सल करू?"

"कॅन्सल कशाला? माझी आई वाट बघतेय. जायचं आणि यायचं. ऑगस्टची तारीख टाका, हिची शाळा बुडायला नको." मग वाढता वाढता, "आणि मधल्या काळात तुम्ही सोमवार ते शुक्रवार नसणार. घराकडे आजी बघणार आहेत, माझं बोलणं झालंय."

"कोणत्या भाषेत?" बाबा म्हणाले. आईने त्यांना आणखी एक पोळी वाढली.

जूनमध्ये आम्ही निघालो त्या सकाळी ईया काठी टेकत, येमीचा हात धरून रस्ता ओलांडून आली. हिरांची मूठ, कणीस आणि लाल चिंधी तिने आणली होती. चप्पल नव्हती. तिने आईच्या पायांकडे बोट केलं. आई आत गेली आणि लग्नात घेतलेल्या कोल्हापुरी जोडातली डावी चप्पल घेऊन आली, टाचेशी भोक पडलेली, टाकवत नाही म्हणून ठेवलेली. ईयाने जुडी बांधली आणि बाबांपुढे धरली. तिला सांडशीचं माहीत होतं की नाही कोण जाणे. मी तरी ते कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनी चष्मा सारखा केला, जुडी दोन्ही हातांत घेतली, दाराच्या मुठीला सुतळीचे तीन वेढे दिले, गाठ मारली आणि ओढून पाहिली. ती पक्की होती. तरी पुन्हा ओढून पाहिली.

तोवर मी यादी घेऊन आतली फेरी पुरी केली होती. अकरा खुणा, या वेळी प्रत्येक कुलूप हाताने ओढून पाहून केलेल्या. खाली थोडी जागा होती, तिथे मी बारा आकडा घातला आणि पुढे लिहिलं, "चप्पल." बाबा शेवटची बॅग घ्यायला आत आले, फ्रिजपाशी थांबले, चष्म्यातून यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मला वाटलं म्हणतील, ही कुलपांची यादी आहे. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल मागितली, बाराव्यापुढे बरोबरची खूण केली, आणि म्हणाले, "चल, आजींना सांगून निघू."